गाड्यांचा सिनेमा ब्रेकवर ओळखावा

गाड्यांच्या आणि रेसिंगच्या आवडत्या सिनेमांची यादी करायला सांगितली की बहुतेक जण वेगापासून सुरुवात करतात. कुठला पाठलाग सगळ्यात भारी, कुठल्या इंजिनाचा आवाज सगळ्यात खतरनाक, कुणी किती गाड्या उडवल्या. आमच्या ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी चहाच्या वेळी ही चर्चा होते आणि दर वेळी तीच आठ-दहा नावं येतात. त्यातली बरीचशी मलाही आवडतात. पण माझी यादी मी वेगळ्या निकषावर लावतो. सिनेमात ब्रेक कुठे लागतो, तो कोण लावतो आणि लावल्यावर त्या माणसाला काय सोसावं लागतं, हे मी बघतो.

हा निकष मी पुस्तकातून घेतलेला नाही. तो साक्रीचा आहे. साक्री म्हणजे धुळे जिल्ह्यातलं, कान नदीकाठचं तालुक्याचं गाव. बाहेरच्या माणसाला आम्ही 'सुरत हायवेवरचं साक्री' असं सांगतो, म्हणजे त्याला लगेच कळतं. आधी राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आता ५३ म्हणवणारा हा रस्ता सुरतेकडून येतो आणि धुळे, जळगाव, नागपूर करत थेट पूर्वेकडे जातो. साक्रीहून सुरतेकडे निघालं की दहिवेलनंतर कोंडाईबारीचा घाट लागतो. घाट उतरला की विसरवाडी, मग नवापूर, मग गुजरात. या रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्या माणसांचा एक नियम आहे, तो आमच्याकडच्या पोरांना गाडी शिकायच्या आधीच ऐकून पाठ असतो: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर गाडी न्यूट्रल करून चार पैशांचं डिझेल वाचवणारा ड्रायव्हर सगळा भार ब्रेकवर टाकतो. लायनर तापतात, जळका वास येऊ लागतो आणि एका क्षणी पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही.

यामागचं विज्ञान दहावीच्या पुस्तकातलंच आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली गतिज ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. ब्रेक ही ऊर्जा संपवत नाही, तिची उष्णता करतो. म्हणजे ताशी ३०० किलोमीटरने धावणारी गाडी थांबवायला ताशी १०० च्या गाडीपेक्षा नऊपट उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. वेग वाढवणं हा पैशांचा आणि इंजिनाचा प्रश्न आहे. तो वेग परत घेणं हा जास्त अवघड प्रश्न आहे. चांगल्या रेसिंग सिनेमाला हे माहीत असतं.

तापून लाल झालेल्या चकत्या

जेम्स मॅनगोल्डचा 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' (२०१९) माझ्या यादीत वर आहे तो यामुळेच. गोष्ट बहुतेकांना माहीत असते: फेरारी कंपनी विकत घ्यायचा फोर्डचा प्रयत्न फसतो आणि अपमान झालेला हेन्री फोर्ड दुसरा ल मां-च्या २४ तासांच्या शर्यतीत फेरारीला हरवायचं ठरवतो. कॅरोल शेल्बी (मॅट डेमन) गाडी घडवतो, केन माइल्स (ख्रिश्चन बेल) चालवतो. पोस्टरवर वेग आहे, पण सिनेमा आतून ब्रेकचा आहे. त्या काळी ल मां-च्या ट्रॅकवर जवळपास ६ किलोमीटरचा सरळ रस्ता होता. जीटी-४० सारखी जड गाडी तिथे ताशी ३०० च्या वर जायची आणि त्याच्या टोकाला एक अरुंद वळण यायचं. लॅपमागून लॅप, दिवसभर आणि रात्रभर, तोच तापवण्याचा खेळ. सिनेमात अंधारात लाल झालेल्या ब्रेकच्या चकत्या दिसतात. चाचणीत ब्रेक दगा देतात आणि गाडी पेटते, ते माइल्सचा लहान मुलगा बघतो. मग शेल्बीची माणसं ब्रेकचा सगळा संचच पटकन काढून नवा बसवता येईल अशी सोय करतात. शर्यतीत फेरारीवाले त्यावर हरकत घेतात, तेव्हा शेल्बी नियमपुस्तकाचा आधार घेतो. सिनेमातल्या सगळ्यात चुरशीच्या प्रसंगांपैकी हा एक आहे, आणि त्यात गाडी उभी आहे.

शेवटी जे होतं तो तर इतिहासच आहे. १९६६ च्या त्या शर्यतीत माइल्स पुढे होता. फोर्डच्या साहेबांना फोटोसाठी तीन गाड्या एकत्र रेषा ओलांडताना हव्या होत्या. माइल्सने वेग कमी केला. मग निकाल लागला की ब्रूस मॅक्लॅरन आणि ख्रिस एमन यांची गाडी सुरुवातीला थोडी मागे उभी होती, म्हणजे तिने अंतर जास्त कापलं, म्हणून विजेते ते. दोन महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ ला, नव्या गाडीची चाचणी घेताना माइल्स गेला. सिनेमाने या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण म्हणून अॅक्सिलरेटरवरून पाय उचलण्याचा क्षण निवडला आहे. बेलच्या चेहऱ्यावर त्या वेळी त्याग वगैरे काही दिसत नाही. एक प्रकारची मोकळीक दिसते. हा निर्णय आपला आहे, वरच्यांचा नाही, असं तो स्वतःला पटवतो आहे असं मला दर वेळी वाटतं. आणि हिशेब मात्र वरचेच ठेवतात, हेही सिनेमा लपवत नाही.

नोकरी करणाऱ्या कुणालाही हा शेवट टोचेल. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे नवीन काही लाइव्ह करताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हा असतो की बिघडलं तर मागे कसं यायचं. त्याचा आराखडा लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये नसतं. म्हणून मला शेल्बीपेक्षाही पिटमध्ये वाकून ब्रेक बदलणारी माणसं जवळची वाटतात.

थांबलेला जगज्जेता

रॉन हॉवर्डच्या 'रश' (२०१३) मध्ये ब्रेक अजून उघडपणे आहे. जेम्स हंट आणि निकी लाउडा यांची १९७६ च्या फॉर्म्युला वनची चुरस. देखणा, बेफिकीर हंट (ख्रिस हेम्सवर्थ) आणि हिशेबी, तुसडा लाउडा (डॅनियल ब्रूल). आपल्याकडच्या सिनेमाने हंटला हिरो केलं असतं आणि लाउडाला विनोदी पात्र. इथे उलट आहे. लाउडा जिवाच्या धोक्याचाही टक्केवारीत हिशेब मांडतो: इतका धोका मान्य, त्यापुढे नाही. नुरबुर्गरिंगची शर्यत पावसामुळे रद्द करावी असं त्याचं म्हणणं असतं, बाकीचे ऐकत नाहीत. १ ऑगस्टला त्याची गाडी पेटते. चेहरा भाजतो, फुप्फुसात विषारी धूर जातो. अवघ्या सहा आठवड्यांत तो मोंझाला परत येतो आणि चौथा येतो.

एखादा सिनेमा इथेच संपला असता. 'रश' पुढे जपानला जातो. फुजीला शेवटची शर्यत, धो-धो पाऊस, समोरचं दिसत नाही. दुसऱ्या लॅपनंतर लाउडा गाडी पिटमध्ये आणतो आणि उतरतो. हंट तिसरा येतो आणि एका गुणाने जगज्जेता होतो. जळालेल्या चेहऱ्याने परत येणं हे शौर्य आहे हे कुणालाही कळतं. एका गुणाने विजेतेपद जाईल हे कळत असताना गाडीतून उतरणं हेही शौर्य आहे, हे पटवून द्यायला सिनेमा लागतो. हॉवर्डने ते भाषण न देता पटवलं आहे. लाउडा उतरतो तेव्हा पार्श्वसंगीत त्याला हरलेला ठरवत नाही, एवढीच मेहेरबानी तो करतो, आणि तेवढी पुरते.

आसिफ कपाडियाचा 'सेना' (२०१०) हा माहितीपट या दोन्हींची दुसरी बाजू आहे. सगळा सिनेमा जुन्या चित्रणावर उभा आहे. बोलणाऱ्यांचे फक्त आवाज ऐकू येतात, खुर्चीत बसून आठवणी सांगणारं कुणी दिसत नाही. त्यामुळे आपण आयर्टन सेनाबरोबर १ मे १९९४ कडे सरकत राहतो आणि थांबवणारं कुणी नसतं. आदल्या दिवशी त्याच इमोला ट्रॅकवर रोलंड रॅट्झेनबर्गर गेलेला असतो. डॉक्टर सिड वॉटकिन्स सेनाला सांगतात की आता सोडून दे, मीही सोडतो, दोघं मासे पकडायला जाऊ. सेनाला ते जमत नाही. हा सिनेमा मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा शेवटच्या वळणापेक्षा या संवादाशी जास्त अडखळलो. त्या अपघातानंतर फॉर्म्युला वनने गाड्या आणि ट्रॅक इतके बदलले की शर्यतीतल्या अपघाताने पुन्हा एखादा ड्रायव्हर दगावायला वीस वर्षं जावी लागली. म्हणजे ब्रेक लागला, पण माणूस गेल्यावर.

गेल्या वर्ष-दोन वर्षांत पोरांनी सगळ्यात जास्त पाहिलेला रेसिंग सिनेमा म्हणजे ब्रॅड पिटचा 'एफ-१' (२०२५). दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्की. खऱ्या शर्यतींच्या ठिकाणी, खऱ्या गर्दीत चित्रीकरण केल्यामुळे तो दिसतो अफाट. मोबाइलवर पाहू नका, जमलं तर मोठ्या पडद्यावर पाहा. पण त्यातली गंमत अशी की हिरोची खरी चलाखी वेगात नाही. तो मुद्दाम अशा टकरी घडवतो की ट्रॅकवर सेफ्टी कार यावी आणि सगळ्यांनाच हळू जावं लागावं. त्यातून आपल्या टीमचा फायदा. म्हणजे या सिनेमालाही ब्रेकची ताकद कळली आहे, फक्त तो तिला युक्ती म्हणून वापरतो. चाकाचा तुकडा उडून कुणाला लागला असता तर काय, हे विचारायला तो थांबत नाही. म्हणून मी त्याला पूर्ण मार्क देत नाही.

नायट्रो दाबा

मग 'फास्ट अँड फ्युरियस'चं काय? आमच्या पिढीला गाड्यांचा सिनेमा या मालिकेने शिकवला. हिंदीत डब झालेला, टीव्हीवर रविवारी दुपारी लागणारा, पेन ड्राइव्हमधून गावभर फिरणारा. २००१ चा पहिला भाग साधा आहे, रात्रीच्या रस्त्यांवरच्या शर्यती आणि चोऱ्या. पाचव्या भागापर्यंत गाड्या अख्खी तिजोरी ओढत शहरातून पळतात. वेग कमी पडला की नायट्रो. आपल्या 'धूम'ने (२००४) हेच बाइकवर आणलं. या सिनेमांची मजा मी नाकारत नाही. पण यांच्यात वेगाची उष्णता कुठेच जात नाही. गाडी आदळते, हिरो झटकून उभा राहतो. शाळेतलं विज्ञान त्यांना लागू नाही.

अपवाद एकच, आणि तो सिनेमाबाहेरून आला. ३० नोव्हेंबर २०१३ ला पॉल वॉकर एका मोटार अपघातात गेला. गाडी तो चालवत नव्हता, शेजारी बसला होता. सातव्या भागाचा (२०१५) शेवट त्यामुळे बदलावा लागला. दोन मित्रांच्या गाड्या एका चौकात शेजारी शेजारी थांबतात, मग थोडं अंतर बरोबर जातात आणि रस्ता दुभंगतो तिथे वेगळ्या होतात. इतक्या भागांत या मालिकेने निरोपासाठी ब्रेक लावला तो इथे. लोक थिएटरात रडले ते याच प्रसंगाला.

आपला सिनेमा गाडी बंद पडल्यावर सुरू होतो

आपल्याकडे रेसिंगचे सिनेमे फारसे नाहीत असं म्हणतात. सैफ अली खानचा 'ता रा रम पम' (२००७) आठवतो, तोही अमेरिकेत घडणारा. पण ब्रेकच्या निकषावर शोधलं तर आपली यादी बरीच श्रीमंत आहे.

बी. आर. चोप्रांचा 'नया दौर' (१९५७) घ्या. टांगेवाला शंकर (दिलीप कुमार) आणि शेठच्या मुलाने आणलेली बस यांच्यात शर्यत लागते. टांग्याने जिंकावं म्हणून गावकरी जवळचा रस्ता स्वतः खणतात, पूल उभा करतात. शर्यत पाच-दहा मिनिटांची, आणि तिची तयारी म्हणजे सिनेमा. घोडा बसला हरवतो हे आज कुणालाही पटणार नाही, तेव्हाही पटलं नसेल. महाराष्ट्रात १ जून १९४८ लाच पुणे आणि अहमदनगरच्या दरम्यान एसटीची पहिली बस धावली होती आणि खेड्यांना ती हवीच होती. सिनेमाचा खरा प्रश्न बस हा नाही. तिचा वेग कुणाच्या मालकीचा, आणि त्या वेगापायी रस्त्याबाहेर फेकला जाणारा माणूस खाणार काय, हा आहे. आज डिलिव्हरीच्या मिनिटांवर बाइक हाणणाऱ्या पोरांकडे बघितलं की 'नया दौर' जुना वाटत नाही. त्यांच्या अॅपमध्ये वेगाचं घड्याळ आहे, ब्रेकचं बटण नाही.

याच बी. आर. चोप्रांच्या मुलाने, रवी चोप्राने, 'द बर्निंग ट्रेन' (१९८०) काढला. त्यात सूडापायी एक माणूस नव्या सुपर एक्स्प्रेसचे ब्रेकच निकामी करतो. बापाच्या सिनेमात गाव विचारतं की एवढा वेग कशाला, मुलाच्या सिनेमात गाडी थांबवायची सोयच उरलेली नाही. दोन्हींच्या मध्ये तेवीस वर्षं आहेत. १९९४ चा 'स्पीड' ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल: बस ताशी ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरच्या, खाली आली की बॉम्ब फुटणार.

हसायचं असेल तर 'चलती का नाम गाडी' (१९५८). तीन भावांचं गॅरेज, आणि तिघं खरेखुरे भाऊ: अशोक कुमार, अनूप कुमार, किशोर कुमार. पावसाच्या रात्री मधुबालाची गाडी बंद पडते आणि तिथून गोष्ट सुरू होते. या सिनेमात शर्यतसुद्धा आहे, पण ती कुणाला आठवत नाही. आठवतो तो पाना-पक्कड घेऊन बंद गाडीभोवती नाचणारा मेकॅनिक. जुन्या गाड्यांच्या काळात बंद पडणं हा गाडीचा स्वभावच होता, आणि बंद पडल्यावर माणसं एकमेकांशी बोलायची.

आता जगातली सगळ्यात दिमाखदार गाडी घ्या. 'फरारी की सवारी' (२०१२) हा राजेश मापुस्करचा पहिला सिनेमा. याच मापुस्करने पुढे 'व्हेंटिलेटर' (२०१६) केला आणि दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवलं. इथे आरटीओतला पारशी कारकून रुसी (शर्मन जोशी) मुलाच्या क्रिकेट प्रशिक्षणाच्या पैशांसाठी सचिन तेंडुलकरची फेरारी एका दिवसापुरती 'उचलतो'. कशासाठी? एका पुढाऱ्याच्या मुलाच्या वरातीसाठी. म्हणजे ताशी ३०० ला जाणारी गाडी बँडच्या चालीने चालणार. सिनेमाच्या सुरुवातीला रुसीच्या हातून सिग्नल मोडला जातो. कुणीही पाहिलेलं नसतं. तो शोधत जाऊन पोलिसाला गाठतो आणि दंड भरायची परवानगी मागतो. भारतीय सिनेमात सिग्नलला इतका मान मिळालेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. उत्तरार्धात सिनेमा गोड होतो, अती गोड होतो, हे खरं. पण फेरारीचा सिनेमा करायचा आणि त्याचा नायक थांबणारा माणूस ठेवायचा, ही हिंमत मापुस्करची. खरी गाडी सचिनला २००२ साली मायकल शूमाकरच्या हस्ते भेट मिळाली होती आणि पुढे २०११ साली ती सुरतेच्या एका व्यावसायिकाने घेतली. आमच्या रस्त्याने ती गेली नसणार. मुंबईहून सुरतेला जायला साक्री लागत नाही.

आणि मराठीत? उमेश कुलकर्णीचा 'हायवे' (२०१५), लेखन गिरीश कुलकर्णीचं. मुंबई-पुणे रस्त्यावर वेगवेगळ्या गाड्यांतून निघालेली वेगवेगळ्या थरांतली माणसं. ती पळत असतात तोवर खोटी बोलतात, फोनवर ओरडतात, एकमेकांना टाळतात. मग वाहतूक ठप्प होते आणि ती गाडीतून उतरतात. एक्स्प्रेस वेवरचा मराठी सिनेमा उभ्या गाड्यांचा असावा, हे मला फार बरोबर वाटतं. यातली काही पात्रं ठोकळेबाज आहेत आणि सगळे धागे सारखे पक्के नाहीत. तरी हा सिनेमा मी 'एफ-१'च्या वर ठेवेन.

ट्रकमध्ये कोण बसलंय?

रस्त्यावरच्या सिनेमांत एक गोष्ट साक्रीच्या माणसाला खुपते. त्यांत ट्रक म्हणजे अडथळा. हिरोने डावीकडून काढायचा, खालून निसटायचा, नाहीतर ज्याने हिरोला चिरडायचं. स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ड्युएल' (१९७१) हा याचा उत्तम नमुना. विशीतल्या पोराने टीव्हीसाठी केलेला हा सिनेमा आजही श्वास रोखायला लावतो. एक साधा सेल्समन, एक गंजका टँकर, ओसाड रस्ता. टँकरवाला का मागे लागला आहे हे कळत नाही आणि त्याचा चेहरा दिसत नाही. बूट दिसतात, हात दिसतो. मी तो पाहिला तेव्हा मला भीती वाटलीच, पण सोबत प्रश्नही पडला की हा माणूस किती दिवस झोपला नसेल? आमच्याकडे ट्रकवाला म्हणजे गल्लीतला कुणाचा तरी काका, कुणाचा तरी मामा असतो. त्याला चेहरा असतो.

तो चेहरा देणारा सिनेमा फ्रान्समध्ये १९५३ साली झाला. हेन्री-जॉर्ज क्लूझोचा 'द वेजेस ऑफ फिअर'. दक्षिण अमेरिकेतल्या एका गावात अडकलेले बेकार परदेशी. दूरवरच्या तेलविहिरीला आग लागते. ती विझवायला नायट्रोग्लिसरीन लागतं आणि ते खराब रस्त्याने दोन ट्रकमधून न्यायचं. जरा धक्का बसला की सगळं संपलं. कंपनी आपल्या नेहमीच्या कामगारांना पाठवत नाही, ज्यांच्या मागे विचारणारं कुणी नाही अशा चौघांना पैसे देऊन पाठवते. याला कान आणि बर्लिन दोन्हीकडे सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

'फास्ट अँड फ्युरियस'मध्ये नायट्रो दाबलं की गाडी उडते. इथलं नायट्रो माणसाला हळू चालायला लावतं. दगड, खड्डा, वळण, कुजलेला लाकडी धक्का: प्रत्येक गोष्ट एक प्रसंग होते. ट्रक इंचाइंचाने मागे येतो आणि आपण खुर्चीची कड धरतो. वेग नसताना इतका थरार निर्माण होतो, म्हणजे थरार मुळात वेगात नसतोच, जोखमीत असतो. आणि शेवट सांगतो, सत्तर वर्षं जुन्या सिनेमाचा शेवट सांगायला हरकत नसावी. माल पोचतो, पैसे मिळतात. वाचलेला एकटा मारिओ (ईव्ह मोंतां) रिकामा ट्रक घेऊन परत निघतो. आता मागे काही नाही. आनंदाने तो ट्रक डुलवत, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नाचवत चालवतो आणि दरीत जातो.

कोंडाईबारी उतरणाऱ्या कुणालाही हा शेवट समजावून सांगावा लागत नाही. भरलेला ट्रक जपून जातो. अपघात घात करतो तो रिकाम्या परतीच्या वाटेवर, झोपेत, किंवा आता पोचलोच या भरवशावर. ऑक्टोबर २०२० मध्ये याच घाटात सुरतेकडे जाणारी खासगी बस पुलावरून खाली कोसळली, माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच फोटो होते. पुढच्या आठवड्यात त्याच ग्रुपवर पुन्हा बाइकची रील्स सुरू झाली.

सायकलवरचा कॅमेरा

साक्रीहून मालेगाव लांब नाही. तिथल्या यंत्रमागांच्या वस्तीत लोकांनी स्वतःच्या हौसेने सिनेमे काढले, ते फैझा अहमद खानच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात आहे. ट्रॉली नव्हती तर कॅमेरामन सायकलवर बसला. क्रेन नव्हती तर बैलगाडीचा उपयोग केला. तो माहितीपट पाहिला की पडद्यावरच्या वेगाचं गुपित उघडं पडतं. कॅमेरा जमिनीजवळ आणा, जवळून खांब जाऊ द्या, आवाज वाढवा: सायकलचा वेगही वादळ वाटतो. हॉलिवूडमध्येही मूळ युक्ती तीच, फक्त सायकलच्या जागी कोट्यवधींची गाडी.

पडद्यावर वेग स्वस्तात बनतो. रस्त्यावर तो स्वस्त नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत, आणि मरणाऱ्यांत सगळ्यात जास्त दुचाकीवरचे आहेत. हे सिनेमामुळे होतं असं मी म्हणत नाही. रस्त्यांची आखणी, खड्डे, वर्षानुवर्षं रेंगाळलेलं चौपदरीकरण, चौदा-चौदा तास चालवणारे ड्रायव्हर, ही कारणं सिनेमाहून मोठी आहेत. पण रस्त्यावर कसं वागलं की आपण भारी दिसतो, हे ठरवण्यात सिनेमाचा वाटा असतो. रीलवर डुकाटीचा आवाज लावून स्प्लेंडर पळवणाऱ्या पोराला कुणीतरी ते चित्र दिलेलं आहे. त्याला लाउडाचंही चित्र मिळायला हवं. गाडीतून उतरणारा माणूसही देखणा दिसू शकतो, हे त्याने एकदा तरी पडद्यावर पाहायला हवं. उपदेश ऐकून कुणी वेग कमी करत नाही, आरटीओच्या फलकांवरच्या यमकांनी तर नाहीच.

म्हणून मला हवा असलेला रेसिंग सिनेमा अजून कुणी काढलेला नाही. त्यात शर्यत नसेल. रात्री दोनच्या सुमाराला साक्रीतून निघालेला, कांदा भरलेला एक ट्रक, ड्रायव्हर आणि किन्नर, आणि समोर कोंडाईबारी. दुसरा गिअर, इंजिनाचा घोगरा आवाज, मागून हॉर्न मारणाऱ्या गाड्या, आणि एक माणूस जो कुणाच्याही हॉर्नला बधत नाही. दीड तासाचा सिनेमा पुरे. ट्रक सकाळी सुरतेच्या मार्केटात पोचला, एवढाच त्याचा क्लायमॅक्स असावा. तो कुणी काढला तर माझी यादी तिथून सुरू होईल.